तीनशे दहा मैल, दोन तास

मु. भुकूम, ता. मुळशी
ता. १९ फेब्रुवारी १९६१

चि. हैबतरावास अक्काचे अनेक आशीर्वाद.

बेगमपेठच्या विमानतळावर तुझी नोकरी नीट चालली असेल. तुळजाबाईला आणि मुलांना विचारलं म्हणून सांग. इकडची खुशाली शेवटी लिहिते.

हरभरा काढून झाला. म्हशीला रेडी झाली. कुशाबानं पडवीची भिंत लिंपून दिली. चुलतभाऊ असून सख्ख्यासारखा राबतो. सख्ख्याला सवड नसली की चुलतभावाच्या माथी हे येतंच.

परवा पेटीत तुझं जुनं पत्र सापडलं. 'हैदराबाद ते पुणे विमानाच्या वाटेनं तीनशे दहा मैल. दोन तास. निरोप मिळाला की जेवणवेळेला घरी.' आईनं ते माझ्याकडून इतक्यांदा वाचून घेतलं की घडीवर फाटलंय. भेटेल त्याला सांगायची, माझा लेक लांब न्हाई, दोन तासांवर हाय.

आबा गेले तेव्हा या दोन तासांनीच आमचा घात केला. कुशाबानं सकाळीच पौडला जाऊन तार केली. आई कुणाला तिरडी बांधू देईना. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आबांना तसंच ठेवलं. चैत्रातलं ऊन होतं, हैबती. बाया नाकाला पदर लावून अंगणात जाऊन बसल्या. कुशाबा फाट्यावर पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक एस.टी.ला उभा. मग तुझी तार आली, विमानात जागा नाही. आगगाडीत होती ना रे? तेव्हापासून मी तुझ्यावर संतापले आहे आणि तो संताप अजून उतरलेला नाही.

मागल्या महिन्यात आईला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ धरलाय. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं विचारलं, "हैबतीला तार केलीस का गं?"

मी म्हटलं, "केली."

"मग येतोय त्यो. दोन तास तर लागत्यात."

तार मी केलेली नव्हती. कुशाबा पायात वहाणा घालून निघाला होता, मीच त्याला अडवलं. आबांची झाली ती दशा मला आईची होऊ द्यायची नव्हती. ती दाराकडे तोंड करून पडून राहिली आणि दुपारी गेली. ऊन कलायच्या आत आम्ही तिला उचललं. अग्नी कुशाबानं दिला. तेरावंही झालं.

तू आला असतास की नाही, हे आता तुलाही कळायचं नाही आणि मलाही. तेवढंच मला डाचतं. बाकी तुला जे बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन.

दुखवट्याचं पत्र कोपरा फाडून धाडायची रीत आहे. मी फाडलेला नाही. वरूनच ओळखून तू ते न वाचता बाजूला ठेवलं असतंस. तो कोपरा आता तूच फाड. आईसाठी लेकानं करायचं एवढंच काम उरलंय.

तिच्याशी खोटं बोललेली,
तुझी रत्नाक्का