दुसरा नट

३ मार्च

माफ कर गं वहीबाई, फार दिवसांनी उघडतोय तुला. हात कामात होते! मुलाला शर्यतीच्या गाडीत कॅमेरा बसवायचाय. एक मोठा संघ त्याचं चालवणं बघणार. पसंत पडलं तर गाडी त्यांची, चालवणार हा. कॅमेरा धरायची विकतची पकड महाग. म्हटलं, मी करतो. सुनबाई फिस्सकन हसली – "बाबा, तुम्ही दुरुस्त केलेली खुर्ची अजून लंगडतेय!"

हसू दे. जन्मभर खिडक्यांचे गज जोडले मी. शाळा सहावीत सुटली, पण लोखंड कुठे दगा देतं ते कळतं.

५ मार्च

सायकलच्या सीटखालची पकड घेतली, आतून जुन्या ट्यूबचं रबर. वर ॲल्युमिनियमची पट्टी, पट्टीला कॅमेरा. गाडीत लोखंडी पाइपांचा पिंजरा असतो, त्याला ही पकड आवळायची. पण चित्र थरथरतं. गाडीचा मिस्त्री म्हणाला, "आजोबा, कॅमेऱ्यालाही तुमच्यासारखा कंप सुटलाय!" सगळे हसले. मुलगा सगळ्यात मोठ्याने.

जेवण गेलं नाही. कॅमेरा सुटून कुणाला लागला तर? मुलाला फोन केला. पुन्हा केला. शेवटी खेकसला – "तुम्हाला दुसरा उद्योग नाही का हो?"

६ मार्च

पट्टी कापून आखूड केली. थरथर कमी!

९ मार्च

आज म्हणाला, "बाबा, तुमचं काम, तुम्हीच तपासा. बसा गाडीत." किती बरं वाटलं! त्याच्या शेजारी पट्ट्यांनी जखडून बसवलं मला. आणि मग सोडली की सुसाट! वळणावर मुद्दाम घसरवायचा. पुन्हा पुन्हा. मी ओरडलो – थांब रे, पाया पडतो तुझ्या. कवळी मांडीवर पडली. तो हसत होता. कॅमेरा माझ्याकडे वळवून ठेवला होता त्याने.

चित्र अगदी स्थिर आलंय.

११ मार्च

सगळ्यांच्या फोनवर मीच. न्हावी दाढी करता करता माझ्यासारखं तोंड वासून दाखवतो. पायजमा ओला झाला होता, तेही दिसतं. त्यावर कुणीतरी लाल गोल काढलाय.

"गंमत हो बाबा, किती मनाला लावून घेता," सुनबाई.

"लोकांना आवडलात तुम्ही!" हा मुलगा. माझा.

१३ मार्च

उद्या शर्यत. मला नेणार नाहीत. "तुम्ही ओरडाल. आणि फोन करत बसू नका, उचलणार नाही." बरं म्हटलं.

ते आत जेवत होते तेव्हा अंगणात गाडीत वाकलो. कॅमेरा पट्टीला धरणाऱ्या बोल्टवर मी दोन नट चढवले होते. एकावर दुसरा आवळला की धक्क्यांनी पहिला सुटत नाही. दुसरा काढून घेतला. वरून टेप गुंडाळली, कुणाला दिसायला नको.

कॅमेरा समोरच्या काचेपाशी आहे, शेजारच्या सीटच्या बाजूला. पडेल तो रिकाम्या जागी. संघाला नुसती गाडीची जमीन दिसेल! हसा म्हणावं आता.

आज पोटभर जेवलो.

१४ मार्च

मैदानावरून सुनबाईचा फोन. "बाबा, चार्जर कुठे ठेवलात? हो, आणि तुमची पकड यांनी काचेपासून काढून खाली लावलीय, ब्रेकच्या अगदी वर. पाय कसे पडतात ते संघाला बघायचंय." मी बोलायला लागलो, थांबवा म्हणालो, तर ती – "सुरू झालं तुमचं परत!" ठेवला फोन.

कॅमेरा सुटून ब्रेकखाली अडकला तर? आता कुणीच उचलत नाही. ना ती, ना तो, ना मिस्त्री.

उचल रे. शिव्या दे, हस, वाटेल ते कर. पण कळव. लवकर कळव.