उपाशी पेशींना घातलेली पेज

प्रिय आई,

तुझे तेरा दिवस काल पूर्ण झाले आणि आज बंगळूरच्या प्रयोगशाळेचं नेमणुकीचं पत्र आलं. सोमवारपर्यंत होकार कळवायचा आहे. अशी पत्रं याआधी दोनदा आली, तेव्हा तू समोर होतीस. आता कोणाशी बोलू, म्हणून लिहिते आहे.

ती दुपार आठवते का तुला? आपल्या केळीच्या बागेतल्या मातीतून वेगळे काढलेले अमीबा मी मागच्या खोलीत, ओल्या टिपकागदावर, मुद्दाम उपाशी ठेवले होते. प्रबंधाचा अखेरचा प्रयोग होता तो. कॉलेजात शिकवून परतले, तर तू म्हणालीस, "तुझ्या त्या जिवांना पेज घातली गं. कालपासून उपाशीच होते बिचारे."

"आई, भुकेवरच तर सगळा प्रयोग आहे!"

"भुकेवर? आपल्या निर्मळ गावात भाकड गाईलासुद्धा कोणी उपाशी ठेवत नाही. तुम्ही शिकलेली माणसं ठेवता."

मी फार वाईट बोलले. त्यानंतर तू त्या खोलीत कधीच आली नाहीस.

तेव्हा समजावलं नाही, ते आज समजावते. अन्न मिळतं तोवर हे अमीबा एकेकटे राहतात. पुढच्या रूपाची जनुकं त्यांच्यात असतातच, पण बंद. उपासमार झाली की ती ठरलेल्या क्रमाने उघडू लागतात. पेशी एकमेकींना रासायनिक हाक देतात, हजारोंनी जमतात आणि देठावर बीजाणू उचलून धरतात. किती देखणी व्यवस्था आहे ही, आई! तुझ्या पेजेवर जिवाणू माजले, अन्न झालं, आणि जमू लागलेल्या पेशी पुन्हा पांगल्या. सुरू झालेला क्रम त्यांनी पुसून टाकला.

आणि मी? दोन्ही वेळेला नकार कळवला, "आई एकटी पडेल." तू थांब म्हणाली होतीस का कधी? एकदाही नाही. गरम ताट समोर यायचं आणि मला जावंसं वाटेनासं व्हायचं. थोडा दोष तुझ्या हाताच्या चवीलाही देते, रागावू नकोस.

आज तू नाहीस, तरी पाय उंबऱ्याच्या आतच आहेत. मघाशी शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "कुठे जातेस परमुलखात? दोन्ही वेळचा डबा मी देते." आणि मी हो म्हणून बसले.

आई, वचन देते. उद्या उजाडताच त्यांना डबा नको म्हणून सांगेन आणि होकाराचं पत्र पोस्टात पडेपर्यंत घरात काही शिजवणार नाही.

तुझी,
कुंदा