फालतू एंटर

सोमवार, ३ नोव्हेंबर
मंजुषाची पीएच.डी. शेवटी माझ्यावरच येऊन पडणार. जात्यावरच्या ओव्यांचा प्रबंध, मुदत शुक्रवार १४. दोनदा वाढवून झाली, आता वाढणार नाही. आज फाइल पाहिली. काय तो पसारा! डबल स्पेस, तीन तऱ्हेचे फॉन्ट, जागोजाग रिकाम्या ओळी. बायको हातानं एकेक पुसत बसलीय. मी ऑफिसात मॅक्रोचं दिवसभराचं ट्रेनिंग घेतलेला माणूस. जेवणानंतरचा भाग हुकला, पण मूळ मुद्दा समजला : एक बटण दाबायचं, सगळी साफसफाई आपोआप. मदत करू का विचारलं. "फाइलला हात लावायचा नाय," म्हणाली. संकोच करते बिचारी.

बुधवार, ५ नोव्हेंबर
ती कॉलेजला गेली, मी रजा टाकली. पहिला मॅक्रो : डबल स्पेस. बटण दाबलं, सगळ्या गायब. संध्याकाळी दाखवलं. रागावली, मग पानं वरखाली करून म्हणाली, "बरं झालंय." लग्नाला सोळा वर्षं झाली. हे शब्द पहिल्यांदा ऐकले. आता थांबणे नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
मॅक्रो दोन : फालतू एंटर काढणे.
मॅक्रो तीन : तीच ओळ पुन्हा आली तर दुसरी उडवणे. हा आधी चालवला, मग दोन नंबरचा. चौथ्या प्रकरणात खुलताबादच्या मनकर्णाबाईंच्या ओव्या आहेत. तिथं तर प्रत्येक ओळ दोनदा! एवढी शिकलेली बाई, पण टायपिंगकडं लक्ष नाही.
शेवटी सेव्ह आपोआप होतं, ही माझी स्वतःची भर. पेनड्राइव्हवरची जुनी कॉपीही साफ केली, नाहीतर उगाच घोळ. प्रबंध चांगला सडपातळ झाला. परीक्षक दुवा देतील. मंजुषाला सांगितलं नाही. सरप्राइज.

शनिवार, ८ नोव्हेंबर, सकाळ
तिनं फाइल उघडली. चौथं प्रकरण एकच परिच्छेद झालंय, कुठली ओवी कुठं संपते कळत नाही, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, सलग वाचायला सोपं. ती पेनड्राइव्ह शोधायला उठली. हेच वाईट.

दुपार
कंट्रोल झेड चालत नाही. फाइल बंद केल्यावर चालत नसतं म्हणे. हे ट्रेनिंगमध्ये सांगायला नको? कदाचित जेवणानंतर सांगितलं असेल.
एक ओळ दोनदा हवीच कशाला, असं शांतपणे विचारलं. "जातं एकदाच फिरवून पीठ पडतं व्हय? बाई वळून वळून तेच गायच्या, म्हणून तसंच लिहिलं. मनकर्णाबाई मागल्या वर्षी गेल्या. आता कोणाला विचारू मी?" तिच्या मोबाइलमधलं बाईंच्या गाण्याचं रेकॉर्डिंग तेवढं उरलंय. मला भीती वाटली. खरोखरची.

रविवार, ९ नोव्हेंबर
संकल्प : तासाभरात सगळं पूर्ववत. उलटा मॅक्रो लिहिला. प्रत्येक पूर्णविरामानंतर एंटर.
ओव्यांत पूर्णविराम नव्हतेच. बाकीच्या सगळ्या प्रकरणांत होते.
मंजुषा लॅपटॉप उचलून माहेरी गेली, पुंडलिकनगरला.

बुधवार, १२ नोव्हेंबर
फोन केला. मागून मनकर्णाबाईंचा आवाज येत होता. मंजुषा ओळ ऐकत असणार, थांबवून लिहीत असणार, पुन्हा ऐकत असणार. आवाज फार गोड होता बाईंचा. मदतीला येऊ का विचारलं. फोन कट झाला. पुंडलिकनगरात नेटवर्कची बोंब आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
प्रबंध वेळेत गेला! म्हणजे माझी डबल स्पेसची मेहनत वाया गेली नाही. गुलमंडीच्या बाइंडिंगवाल्याकडून एक प्रत घेऊन मंजुषा घरी आली. मला वाढलं. आमटीत मीठ नव्हतं, मी वरून घेतलं.
ती आत गेल्यावर ऋणनिर्देश उघडला. जुन्या फाइलमध्ये शेवटचा परिच्छेद माझा होता, 'माझे पती, ज्यांनी कायम साथ दिली.' मी त्याला काहीच केलं नव्हतं, फक्त ठळक केला होता. आता तिथं मनकर्णाबाईंचे आभार आहेत. खालच्या ओळीत पुन्हा मनकर्णाबाईंचेच. माझं नाव पुढं नाही, मागं नाही.
मॅक्रोनंच उडवलं असणार. मंजुषाला विचारून खात्री करून घेता येईल, पण नको.