अठ्ठ्याऐंशीव्या ओळीबाबत

मी स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू पुढीलप्रमाणे: मागच्या खोलीतलं लाकडी टेबल (उजवा पुढचा पाय दोन मिलिमीटर आखूड आहे, खालचा पुठ्ठा काढू नये), दोन रेडिओ, पैकी एक चालतो, जिन्यातला आपोआप विझणारा दिवा, तीन मोडक्या सायकलींतून जुळवलेली मुलीची सायकल, आणि लिफ्ट चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी नोंदी ठेवणारी फाइल, ओळी चारशे बारा. या शेवटच्या वस्तूपायी हे पत्र लांबणार आहे.

वय एकावन्न. येत्या सोमवारी छातीचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही, आणि मला हे लिहायला कोणी भाग पाडलेलं नाही. उलट बायको सकाळपासून विचारते आहे, "अहो, हे मृत्युपत्र आहे की तक्रार अर्ज?" दोन्ही आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हे पहिलं, आणि सोमवार नीट गेला नाही तर शेवटचं.

कलम १. राहतं घर, तीन खोल्या, बायकोच्या एकटीच्या नावे. बँकेत असेल ते तिचं. तिने कोणाला विचारू नये, विशेषतः माझ्या धाकट्या भावाला.

कलम २. तारांना डाग देण्याची (सोल्डरिंगची) इस्त्री, मीटर, लहान स्क्रूड्रायव्हरांचा संच आणि वर लिहिलेलं लाकडी टेबल लिफ्टच्या मिस्त्रींना. कंपनीतला हा एकच माणूस मला काढल्यानंतर घरी आला. चहा घेतला आणि म्हणाला, "साहेब, मी काही बोलायला नाही आलो. बसायला आलोय." तासभर बसला.

कलम ३. काय घडलं ते. याला कलम म्हणता येत नाही असं वकील म्हणाले. मृत्युपत्र माझं आहे.

मी कॉलेजात गेलो नाही. धाकट्याला पाठवलं, आणि तो घरी येऊन जे वाचायचा ते त्याच्या पाठीमागे उभं राहून मीही शिकलो. पुढे त्याला मी शिकवू लागलो. कंपनी दोघांनी काढली, पण कागदोपत्री सही त्याची, कारण पदवी त्याची. यात मला तेव्हा काही गैर वाटलं नाही.

माझ्या फाइलचं काम एवढंच: लिफ्टमध्ये काही घडलं की नोंद करायची, आणि ती कोणत्या फाइलमधल्या कितव्या ओळीने केली तेही लिहायचं. हा पत्ता लिफ्ट चालताना शोधायचा नसतो. आपण लिहिलेलं कंपाइलर यंत्राच्या भाषेत उतरवतो, तेव्हा प्रत्येक ओळ कुठे आहे हे त्याला ठाऊक असतं. तेव्हाच तो पत्ता टिपून ठेवायचा. अट एकच, पत्ता हाक मारणाऱ्याच्या, म्हणजे नोंद करायला सांगणाऱ्या ओळीच्या, दारात टिपायचा. मधे दुसऱ्याला निरोप्या म्हणून उभं केलं, तर प्रत्येक वेळी निरोप्याचाच पत्ता लिहिला जातो.

तीन वर्षांपूर्वी धाकट्याने नेमकं हेच केलं. माझी पद्धत त्याला लांबलचक वाटायची. त्याने मधे निरोप्यासारखं एक सुटसुटीत फंक्शन घातलं, तेही माझ्या फाइलमध्ये, आणि सगळ्यांना त्यातूनच नोंदी करायला सांगितलं. मला सांगितलं नाही. कंपाइलरने इमानदारीत सगळ्या नोंदींवर एकच पत्ता टाकला: माझी फाइल, ओळ अठ्ठ्याऐंशी. फाइलच्या माथ्यावर नाव माझं.

मग एका इस्पितळाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली. आत स्ट्रेचरवर एक बाई होत्या. चाळीस मिनिटं. बाई वाचल्या. चौकशीत नोंदींचा लॉग उघडला आणि बिघाडाच्या नोंदीपुढे अठ्ठ्याऐंशी निघाली. दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची रिकामी.

मी तो लॉग घरी छापून वाचला. दार उघडलं, अठ्ठ्याऐंशी. दार मिटलं, अठ्ठ्याऐंशी. दिवा लागला, वजन जास्त झालं, पंखा थांबला, सगळं अठ्ठ्याऐंशी. एवढी कर्तबगार ओळ मी जन्मात लिहिलेली नाही. ते फंक्शन काढून, माझ्या पद्धतीने पत्ता टिपून तोच प्रसंग पुन्हा चालवून पाहिला. बिघाड दाराच्या सेन्सरच्या फाइलमध्ये निघाला, ओळ दोनशे सहा. ती फाइल धाकट्याची.

कागद घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने पाहिलासुद्धा नाही.

"दादा, मला माहितेय. पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

"मग तोंड शिवलं होतं?"

"माझी सही आहे सगळीकडे. माझं लायसन गेलं तर कंपनी बसली. तुझं काय जाणार आहे? तुझ्याकडे पदवीचा कागदच नाही."

ओळ चुकते, माझ्याही चुकल्या आहेत. या वाक्याला मात्र माझ्याकडे दुरुस्ती नाही.

कलम ४. दोनशे सहावी ओळ आजही एकसष्ट इमारतींत चालू आहे. मी लिफ्ट तपासणी कार्यालयात गेलो होतो. तिथले साहेब म्हणाले, "तुमचं म्हणणं बरोबर असेलही हो, पण पदवीधराच्या सहीशिवाय मी हे घेऊ कसं?" सबब छापील लॉग, दुरुस्त केलेली फाइल आणि चाचणीच्या नोंदी माझ्या मुलीला. तिची पदवी जूनमध्ये हातात येईल. बाळा, सगळं स्वतः चालवून बघ. माझ्या शब्दावर सही करू नकोस. बरोबर निघालं तर त्याच आठवड्यात नेऊन दे, काका रडला तरी.

कलम ५. धाकट्याला: त्याची पहिली वही, जिच्यात मी त्याला शिकवलं. प्रत्येक ओळीला त्याने स्वतः क्रमांक घातला आहे. माझ्या अंत्यविधीला त्याने यावं, मागे उभं राहावं. माझ्याविषयी चार शब्द बोलू नयेत.

दुसऱ्या पानावरची खाडाखोड माझी आहे. तिथे एक शिवी होती.

साक्षीदार पहिल्या: समोरच्या औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई. सही.
साक्षीदार दुसरे: कोपऱ्यावरचे घड्याळजी. सही. (मिस्त्रींना कलम २ मध्ये वाटा आहे, म्हणून त्यांची सही घेतली नाही.)
लिहून ठेवणार: मी. सही.
स्थळ: राहतं घर, मागची खोली. शुक्रवार, १७ ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं.

सह्यांनंतरची भर, दोन्ही साक्षीदारांसमक्ष: शाई वाळत असताना धाकट्याचा फोन आला. सर्वांना ऐकू येईल असा ठेवला. लिफ्ट अडकलेल्या त्या इस्पितळाला चूक कोणाची ते लेखी हवं आहे. अठ्ठ्याऐंशीवी ओळ माझी, एवढ्या एका वाक्याखाली मी सही करायची. बदल्यात ऑपरेशनचा सगळा खर्च, नोकरी परत, आणि वर रोख. मी म्हटलं, "आधी दोनशे सहा दुरुस्त कर. मग फोन कर." तो म्हणाला, "दादा, आकडा तरी ऐक." ऐकला, आणि नाही म्हटलं. मालकीणबाईंनी औषधाच्या पाकिटाच्या पाठीवर टिपून घेतला, तो जसाच्या तसा उतरवतो: अडतीस लाख.