दिवसाची वीज स्वस्त

३ जानेवारी
झाली एकदाची सही! आमच्या वीज कंपनीचे नवे दर लागू. किती महिने मी आणि साहेब आकडे घुसळत होतो. आजवर रात्रीची वीज स्वस्त — कोळशाची केंद्रं रात्रीही चालूच ठेवावी लागायची. आता दुपारी उन्हाची वीज इतकी, की घ्यायला गिऱ्हाईक नाही. म्हणून दिवसा स्वस्त, अंधार पडला की महाग. सरकारलाही हेच हवंय. साहेब म्हणाले, "लोक आपोआप सवयी बदलतील."

१९ जानेवारी
सकाळी डबा भरत होते, तेवढ्यात हे कामावरून आले. बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीचे मुकादम. चपला काढता काढता म्हणाले, "मालक म्हणतात, पुढच्या महिन्यापासून बर्फ दिवसा करायचा. रात्रीची वीज परवडत नाही."
सोळा वर्षं हे यायचे तेव्हा मी निघायचे. आणि दर ठरवताना बर्फवाले म्हणजे माझ्या लेखी तक्त्यातली एक ओळ! कमाल आहे माझी.

१ फेब्रुवारी
झोपायला गेलो तर दोघंही पलंगाच्या डाव्या बाजूला! माझी जागा तीच ह्यांची — फक्त वेळ वेगळी. शेवटी मी सरकले.

९ फेब्रुवारी
ह्यांनी चहा केला. दोन चमचे साखर.
"मी बिनसाखरेचा घेते."
"कधीपासून?"
"झाली की चार वर्षं."
मग माझाही कप स्वतःच प्यायले.
लेकीचा वसतिगृहातून फोन — "आई, जमतंय ना तुमचं?" म्हटलं, पाहुणा तसा बरा आहे. ती खो खो हसली. हे ऐकत होते.

२४ फेब्रुवारी
बाजारातून येताना भांडलो. कशावरून, ते आत्ताच आठवत नाही.

२ मार्च
सरकार आता बॅटऱ्यांना अनुदान देणार. एक कंपनी ह्यांच्या मालकांकडे येऊन गेली — बॅटरी आम्ही फुकट बसवू, दुपारची स्वस्त वीज साठवू, रात्री तुम्हाला विकू, फायदा निम्मा निम्मा. म्हणजे रात्रपाळी परत! व्यवहार चोख आहे.
"परत रात्री जाल?"
"बघू." वर्तमानपत्रातून मान वर नाही.

१० मार्च
बॅटरी योजनेवर लोकांची सुनावणी. टिपणं घ्यायला मी. ह्यांचे मालक उठले. ते मला ओळखत नाहीत. "योजना मला हवीय. अडचण माणसांची. रात्री यायला कुणी राजी नसतं, आळीपाळीनं लावावं लागतं. एकच मुकादम असा, ज्यानं आपणहून कायमची रात्रपाळी मागून घेतली."
साहेब म्हणाले, "हे नोंदीत नको." मी लिहून बसले होते. खोडलं.
मला तर हे कायम सांगत आले — मालकांनी लावली, काय करणार!

११ मार्च
विचारलं. हे भाजी चिरत होते. थांबले नाहीत. "तेव्हा आपलं अजिबात पटत नव्हतं. तुला सोडून जायचं ठरवलं होतं मी. पोरगी तीन वर्षांची. म्हणून घर सोडलं नाही, रात्रपाळी घेतली."

मग सुरी खाली ठेवली. "मालकांनी बॅटरीवाल्यांना होकार दिलाय. मी आज सांगून आलो — मला दिवसपाळीच द्या."