छपराच्या गोधड्या

॥ श्री ॥
लुडविग्सहाफेन, ७ डिसेंबर १९५८

ती. अक्कास श्रीरंगचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माझी पत्रं आईला वाचून दाखवतेस तेव्हा मी वाळलोय, हे आपलं गाळत जा. खोली कौलांच्या थेट खाली, माळ्यावर आहे. ओफन नावाच्या लोखंडी शेगडीत कितीही कोळसा घाला, ऊब वाशांमधून निघून जाते आणि सकाळी तांब्यातल्या पाण्यावर बर्फाची साय धरते. घरमालकीण फ्राऊ क्रेमर म्हणतात, पांघरूण माणसाला नको, छपराला हवं. तेव्हा आईला सांग, यंदा गोधड्या छपरालाच शिव. दोन वाशांमधली जागा दीड हात रुंद, सहा हात लांब आहे. हसेल तरी बिचारी.

तुमच्या लोभातला,
श्रीरंग

॥ श्री ॥
वाई, १८ जानेवारी १९५९

चि. श्रीरंगास सुधाअक्काचे अनेक आशीर्वाद.

आई हसली नाही. पत्र वाचून संपायच्या आत ट्रंक उघडून बसली. जुनी लुगडी फाडून तिने तुझ्या मापाच्या दोन लांबट पट्ट्या शिवल्या, त्या बोटीने पाठवल्या आहेत. शेजारच्या मालिनीकाकूंनी विचारलं, जर्मनीत घरांना हुडहुडी भरते की काय? आई म्हणाली, भरते, माझ्या मुलाने लिहिलंय. हिरवं इरकली तरी ठेव म्हटलं, तर माझ्यावरच खेकसली. भोग आता थट्टेची फळं. तिचा खोकला मात्र हटत नाही. डॉक्टरांना दाखवणार आहे.

प्रकृतीस जपावे, आमची आठवण ठेवावी.
तुझी अक्का

॥ श्री ॥
लुडविग्सहाफेन, २२ मार्च १९५९

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. फ्राऊ क्रेमरनी स्वतः शिडीवर चढून दोन्ही पट्ट्या वाशांमध्ये ठोकल्या. झोपताना वर पाहिलं की आईचं हिरवं इरकली दिसतं. बाकीच्या छपरात त्यांनी काचेची लोकर भरून घेतली. पिवळी, मऊ, पण हाताला लागली की दिवसभर खाज सुटते. खोली आता छान उबदार आहे. तेव्हा आईला म्हणावं, पुरे झालं. उरलेली लुगडी अंगावर राहू देत. डॉक्टर काय म्हणाले ते कळव.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
श्रीरंग

॥ श्री ॥
वाई, ११ एप्रिल १९५९

चि. श्रीरंगास अनेक आशीर्वाद.

काचेच्या लोकरीचं मी आईला वाचून दाखवलं नाही. तिच्या फुप्फुसात गाठ आहे. उपाय नाही, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. तिला आम्ही कळू दिलेलं नाही. एरवी पडून असते, पण पोराचं छप्पर उघडं आहे म्हणत उठते, सुई घेते, त्या निमित्ताने दोन घास खाते. काम संपलं तर ती उठायची नाही, अशी मला भीती वाटते. तू येईपर्यंत तिने राहावं, एवढंच मागते. बाबा रे, तुझं छप्पर वाढव.

तुझी अक्का

॥ श्री ॥
लुडविग्सहाफेन, २६ एप्रिल १९५९

ती. आईस श्रीरंगचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पट्ट्यांनी अर्धं छप्पर झाकलं गं. पण फ्राऊ क्रेमरनी मधली भिंत पाडली आणि माळा दुप्पट झाला! बरंच छप्पर उघडं आहे. सावकाश शिव, डोळे ताणू नकोस. सप्टेंबरात माझी परीक्षा झाली की पहिल्या बोटीने येतो. तोवर हात थांबवू नकोस.

तुझा आशीर्वाद असावा.
श्रीरंग

वाई, १९ ऑगस्ट १९५९

श्रीरंग,

वर श्री नाही, तेव्हा तुला कळलंच असेल. परवा पहाटे आई गेली. अग्नी मालिनीकाकूंच्या श्रीपादने दिला.

तुझं एप्रिलचं पत्र ऐकून ती म्हणाली होती, सप्टेंबरात निघणाऱ्या पोराला थंडीचं छप्पर कशाला? मी सुईत दोरा ओवू लागले. मग तीच म्हणाली, तुम्हा दोघांना मी शिवत राहायला हवीय ना, मग शिवते. त्याला लिहू नकोस, म्हणाली. त्यानंतर बसवत नव्हतं तरी रोज शिवत होती.

शेवटची गोधडी छपराच्या मापाची नाही. तुझा जुना सदरा अंथरून तिने माणसाचं माप घेतलं. एक कोपरा उघडा राहिलाय, सुई त्यातच आहे. ती मी काढलेली नाही. तू आलास की काढ.

असलं पत्र घरात ठेवत नाहीत. वाचून फाडून टाक. लोभ करणारं माणूस गेलं, आता तुझा माझ्यावर असू दे.

अक्का