शाळेतून परत न आलेली पॅस्टी

हातभर पातळ प्लॅस्टिकला अर्धा सेंटसुद्धा पडत नाही. मला ते पडलं शाळेचं गिऱ्हाईक, एक जुना दोस्त आणि सख्खी मुलगी, एवढ्याला.

मी, मर्विन आयव्हर पोल्किंगहॉर्न, वय एकोणऐंशी, धंदा बेकरी, राहणार पोर्ट ट्रेवान, हे मृत्युपत्र राजीखुशीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. कान तर गरजेपेक्षा चांगले आहेत. दुकानाबाहेरच्या बाकावर चाललेली माझी निंदा मला भट्टीपाशी ऐकू येते. याआधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

कलम एक. ज्या दुकानात मी पोरवयात फरशी पुसली आणि जे पुढे मालकालाच पैसे मोजून घेतलं, ते भट्टीसकट विकून रक्कम गावच्या अग्निशमन दलाला द्यावी. मुलीला दुकान देत नाही. कारण कलम तीनमध्ये आहे.

कलम दोन. कोठीत उरलेले प्लॅस्टिकचे सगळे रोल माझा जुना दोस्त डेसमंड ट्रेम्बाथ यास. शाळा समितीत डब्यांच्या ठरावाला त्याने हात वर केला आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "मर्व, मनाला लावून घेऊ नकोस." त्याने त्या रोलने स्वतःचं तोंड गुंडाळावं. पुरून उरतील.

कलम तीन. राहतं घर मुलगी ग्लेनिस हिला, एका अटीवर.

ग्लेनिस आमच्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. आल्या आल्या तिने नियम काढला: डब्यात वेष्टन नको, आणि जे उरेल ते डब्यातूनच घरी न्यायचं. अंगणातल्या कचऱ्याच्या बादल्याही उचलायचं ठरवलं. माझ्या पॅस्ट्या, म्हणजे मांस-बटाटा भरून भट्टीत भाजलेल्या मोठ्या करंज्या, शाळेत प्लॅस्टिकमध्ये जात. पत्र्याच्या पेटीत उघड्या पाठवा, म्हणाली. मी नकार दिला. तेव्हा भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर ती म्हणाली, "बाबा, तुमचे पणजोबा हीच पॅस्टी खिशात घालून तांब्याच्या खाणीत उतरायचे. कोपऱ्यावर नावाचं अक्षर असायचं, म्हणून कुणाची कुठली ते अंधारातही कळायचं. तिला कपडे तुम्ही चढवलेत. आणि बादल्या उचलायच्या आधी एकदा येऊन बघा तरी, त्यांत काय काय पडतं ते."

मी गेलो नाही. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. नाताळचं जेवणही वेगवेगळं होतं.

आईविना वाढवली मी तिला. पहाटे भट्टी पेटवायची, मग तिच्या वेण्या घालायच्या. केसांना पीठ लागायचं. तिची फी त्याच पॅस्ट्यांतून भरली. माझी एकही पॅस्टी त्या शाळेतून कधी परत आली नाही. एकही नाही. तेव्हा अट अशी: ग्लेनिसने शाळेच्या फाटकावर हेच वाक्य कोरलेली पितळी पाटी, माझ्या नावानिशी, लावावी. न लावल्यास घरही अग्निशमन दलाला.

पुरावा म्हणून आज सकाळी, शाळेच्या वाटेवर दुकानापाशी थांबणाऱ्या नातीच्या, म्हणजे तमसिनच्या, डब्यात एक पॅस्टी उघडीच ठेवली आहे. गोमांस, बटाटा, कांदा, सलगम, कोपऱ्यावर तिच्या नावाचं अक्षर टी. नियम पाळला. आता बघू या, डबा काय घेऊन येतो.

कलम चार. लाटणं, कणीक कापायची सुरी आणि अक्षरांचे साचे तमसिनला. तिचा हात हलका आहे.

कलम पाच. माझ्या दफनानंतरच्या चहाला पाकिटातली बिस्किटं ठेवू नयेत. ग्लेनिसच्या नियमाखातर नव्हे; ती वाईट लागतात म्हणून.

ठिकाण: पोर्ट ट्रेवान, दक्षिण ऑस्ट्रेलिया. दिनांक: १४ मार्च २०१९.
सही: म. आ. पोल्किंगहॉर्न
साक्षीदार: एडना रॉस, पोस्टमास्तरीण, कॉलिन बॉडन, मेकॅनिक. दोघांना यातलं काहीही मिळणार नाही, हे ऐकून दोघांनी सह्या केल्या.

ताजा कलम, याच साक्षीदारांसमोर. शाई वाळायच्या आत तमसिन शाळेतून आली. डबा टेबलावर ठेवून म्हणाली, "आजोबा, रागावू नका. सलगम कुणालाच आवडत नाही. पूर्वी आम्ही सगळे पॅस्टी बादलीत टाकायचो, आता बादलीच नाही."

कलम तीनमधली पाटीची अट रद्द. घर ग्लेनिसचं. एडना आणि कॉलिन यांनी डब्यात पाहून याखाली पुन्हा सह्या केल्या आहेत. पॅस्टी अख्खी आहे, कोपऱ्यावरच्या टीसकट.